पुडी सोडण्याचा नेम

धाडच्या बाजारात ते एकसारखे चेहरे पहिल्यांदा दिसले ते अंबूबाईला. बाकीच्यांना ते दिसतच होते, पण लोक त्याला तब्येत म्हणत होते.

आधी अंबूबाई कोण ते सांगायला हवं. महाराष्ट्र राज्य होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील, तेव्हाची ही गोष्ट. बुलढाण्याकडच्या त्या धाडपासून कोसभर आत एका खेड्यात ही बाई राहायची. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं काटक, तोंडानं फटकळ, आणि कुणाचं मन राखून बोलायचं असतं हे जन्मात न शिकलेली. माळ्याच्या घरची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. वांग्या-मिरचीचा एक तुकडा होता, तो भाऊबंदांनी गिळला नाही हेच नशीब. पण पंचक्रोशी तिला ओळखायची ती मिरचीमुळे नाही, गुडघ्यांमुळे. बायांच्या गुडघ्यांमुळे.

त्या भागात बाईचा गुडघा चाळिशीतच कुरकुरायला लागायचा. न कुरकुरून काय करील? पहाटे जात्यावर बसायचं, मग चुलीपुढं उकिडवं, मग दिवसभर निंदणात उकिडवं, मिरचीच्या तोड्यात उकिडवं, आणि मध्ये मध्ये डोक्यावर हंडा घेऊन विहिरीच्या पायऱ्या. जमिनीला हात टेकून ‘अगं माय’ म्हणत उठायची वेळ आली की बाया उपाय शोधायला निघत. कुणी बिब्बा लावून कातडी उतवून घ्यायची, कुणी तापल्या सळईचा डाग. गुडघ्याचं दुखणं जागच्या जागी, वर भाजल्याचं दुखणं वेगळं. अंबूबाईला या दोन्हींचा भयंकर राग. डाग घेतलेली बाई दारात आली की आधी ती तिला पोटभर शिव्या द्यायची आणि मगच पाट सरकवायची.

तिचे स्वतःचे उपाय अगदी साधे होते. निर्गुडीचा पाला तव्यावर परतून फडक्यात बांधायचा आणि शेकायचं. एरंडाच्या पानाला तेल लावून, गरम करून गुडघ्याला गुंडाळायचं. एवढं तिच्या सासूनं शिकवलं होतं. पुढचं तिनं आपल्या डोळ्यांनी आणि हातांनी जमवलं. बाईला भिंतीला टेकवून पाय लांब करून बसवायची, गुडघ्याखाली हंड्याची चुंबळ ठेवायची आणि म्हणायची, “दाब. चुंबळ पार जमिनीत गेली पाह्यजे. आता दहा मोज.” दिवसातून तीनदा, रोज, महिनोन्‌महिने. निंदायला जाताना बुडाखाली लाकडाचा ठोकळा न्यायचा, उकिडवं बसायचं नाही. काठी धरायची ती दुखऱ्या पायाच्या बाजूला नाही, दुसऱ्या हातात. गुडघ्याचं ओझं मांडीनं उचलावं लागतं, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते तिनं कितीतरी बायांना पायावर उभं करून खरं करून दाखवलं होतं.

फक्त एक गोष्ट तिला जमत नव्हती. खोटं बोलणं. “गुडघा झिजला तो झिजला,” ती तोंडावर सांगायची. “नवा म्या कुठून आनू? पन हिंडशीन-फिरशीन, एवढं पक्कं.” बायांना हे आवडत नसे. दुखणं समूळ जाईल म्हणणारा माणूस कुणालाही जास्त जवळचा वाटतो. त्यात त्या बायांचा काही दोष नव्हता.

मनकर्णाबाई ही तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात लग्न होऊन आल्या आणि शेजारशेजारच्या मळ्यांत म्हाताऱ्या व्हायला लागल्या. मनकर्णा अंगानं थोराड, हसरी, खाण्याची शौकीन. नवरा शेषराव शांत माणूस, बायकोपुढं त्याचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता. मनकर्णाचे दोन्ही गुडघे गेलेले. दोन वर्षं अंबूबाई तिच्या मागं लागली होती, आणि दोन वर्षं मनकर्णा तिला चुकवत होती.

“चुंबळ दाबतं का वं रोज?”

“हाव वं माय, दाबते न.”

“खोटी कुठली! तुह्या चुंबळीवर मांजर व्यालं, म्या डोयानं पाह्यलं.”

मनकर्णा पोट धरून हसायची आणि हसता हसता गुडघा दाबून ‘आई गं’ करायची. अंबूबाई रागानं लाल व्हायची आणि पाला परतायला घ्यायची. असं चाललं होतं.

मग दिवाळीनंतर बाजारात तो पुडीवाला आला. कुठला, कुणाचा, कुणाला ठाऊक नाही. निंबाच्या झाडाखाली सतरंजी, समोर काचेच्या बरण्यांत वाळकी मुळं, आणि गुडघ्यापर्यंत वर खोचलेल्या धोतरात तो मांडी ठोकून बसलेला. सकाळी एक पुडी, कोमट पाण्याबरोबर. शेक नाही, पथ्य नाही, चुंबळ नाही. मनकर्णा काठी टेकत बाजाराला गेली आणि पुड्या घेऊन आली.

पाचव्या दिवशी ती बांधावरून धावत आली. खरंच धावत. काठीशिवाय.

“अंबू! पाह्य वं, पाह्य!” म्हणत ती अंबूबाईच्या अंगणात उकिडवी बसली, उठली, पुन्हा बसली. डोळ्यांत पाणी होतं. “धा वर्सानं बसली बाप्पा अशी.”

खरं सांगायचं तर अंबूबाईला पहिल्यांदा आनंद झाला नाही, जळफळाट झाला. दोन वर्षं आपण पाला भाजला आणि कुठल्या उपऱ्याच्या चिमूटभर भुकटीनं बाजी मारली. मग तिची तिलाच लाज वाटली. तिनं मनकर्णाला जवळ घेतलं, आणि हात आपोआप गुडघ्यावर गेला, जसा तो नेहमीच जायचा. तिनं पाय दुमडायला लावला. तळहाताखाली आत वाळू दळल्यासारखी करकर झाली. पहिल्यापेक्षा जास्तच.

“दुखत नाई?”

“जरासं बी नाई.”

 पण दुखणं गेलं आहे आणि गुडघा गेलेलाच आहे, ही गोष्ट अंबूबाईला कशीशीच वाटली.

हिवाळ्यात मनकर्णा भरत गेली. भूक इतकी वाढली की शेषराव कौतुकानं सांगायचा, चार भाकरी खाते. गाल गोल झाले, लाल झाले. गावातल्या बाया म्हणायच्या, मनकर्णाबाईची तब्येत काय सुधरली! पुडीचं नाव झालं. मग रुख्मिणीनं घेतली, तिच्या जावेनं घेतली, पलीकडच्या वाड्यावस्त्यांवरून बाया येऊ लागल्या. अंबूबाईच्या ओट्यावरचा पाट रिकामा पडायला लागला.

रिकामं बसणं तिला सोसलं असतं. हातांना जे कळत होतं ते सोसवेना. एकदा सणाला मनकर्णाला न्हाऊ घालताना तिच्या मांडीवर हात गेला आणि अंबूबाई थबकली. बाई फुगली होती, पण मांडीचं मांस हाताखालून गेलं होतं. चेहरा, पोट, मानेमागं आलेला गोळा, तेवढंच वाढलं होतं. हात-पाय काटक्यांसारखे झाले होते. दंडाला नुसतं धरलं तर तिथं जांभळा डाग उमटला आणि आठ दिवस गेला नाही. विळ्याचं एवढंसं लागलेलं बोट महिना झाला तरी ओलंच होतं.

आणि मग तो बाजाराचा दिवस. अंबूबाई मिरची विकायला बसली होती. समोरून मनकर्णा आली, तिच्या मागं रुख्मिणी, रुख्मिणीची जाऊ, आणि आणखी दोघी कुठल्या ओळखीच्या नसलेल्या. पाचही जणींचे चेहरे सारखे. तेच पुनवेसारखे गोल गाल, तीच लाली, डोळे आत बारीक झालेले. रुख्मिणी काळी, लांब तोंडाची बाई. तिचं ते लांब तोंडच कुठं उरलं नव्हतं. एका आईच्या पोटी न जन्मलेल्या पाच बाया बहिणी होऊन बाजारातून चालत होत्या. आतून कुणीतरी त्यांना आपल्या मापानं घडवत होतं, असं अंबूबाईला वाटलं आणि भर दुपारी तिच्या अंगावर काटा आला.

ती उठली आणि निंबाखाली गेली.

“काय हाये हो त्या पुडीत?”

“जंगल की जडी आहे मावशी. बापजाद्यांची.”

“कोंती जडी? दाखव. माहा जलम पाल्यात गेला, म्या वळखीन.”

पुडीवाला हसला. हसणं गोड होतं त्याचं. “वळखून काय करता मावशी? तुमचे बी गुडघे दुखतच असतीन. ही घ्या, तुमाले फुकट.”

अंबूबाईचे गुडघे दुखत होते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या पायाशी बसून बसून तिचेही वाजायला लागले होते, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानं पुढं केलेल्या पुडीकडं तिनं पाहिलं, आणि नको तितका वेळ पाहिलं. मग ती काही न घेता परत आली.

त्या दिवसापासून तिनं एकच ध्यास घेतला. मनकर्णाची पुडी सोडवायची.

सांगून झालं, भांडून झालं. मनकर्णाला तिचं पटतही होतं. आरशात स्वतःचं तोंड पाहून तीही आता कमी हसायची. दोनदा तिनं पुडी बंद केली. पण दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी गुडघे असे पेटले की ती ओरडत उठली आणि पुडी तोंडात टाकून रडत बसली. “मले नाई होत वं अंबू,” ती म्हणाली. “दुखनं सांगते अन्‌ हात आपोआप डब्यात जाते.”

म्हणजे हाताला कुलूप घालायला हवं, असं अंबूबाईच्या मनानं घेतलं. आणि असं कुलूप तिला माहीत होतं.

आषाढातल्या एकादशीला चातुर्मास लागतो, तेव्हा गावातल्या बाया मारुतीच्या देवळात जमून नेम घ्यायच्या. चार महिन्यांसाठी काहीतरी सोडायचं. कुणी वांगं सोडी, कुणी गूळ, कुणी पायात वहाण घालणं. हातावर पाणी घेऊन सगळ्यांसमोर बोलायचं, पाणी सोडायचं, संपलं. मग घरात लग्न असो की मरण, कार्तिकापर्यंत ती गोष्ट नाही म्हणजे नाही. नेम मोडलेली बाई त्या गावात अजून झाली नव्हती. नेम मोडला तर त्याचं फळ घरधन्याला आणि पोराबाळांना भोगावं लागतं, अशी सगळ्यांची खात्री होती. नवऱ्याची भीती नसणाऱ्या बायाही या गोष्टीला भ्यायच्या.

“पुडी सोड,” अंबूबाई म्हणाली. “मारुतीपुढं.”

मनकर्णा तिच्याकडं बघत राहिली. “जीव गेला तरी नेम मोडता येत नसते वं. मालूम हाये न तुले?”

“म्हून त सांगून राह्यली. दुखन, म्या नाई म्हनत नाई. पन म्या तीन वक्त येईन शेकाले. चार-आठ दिवस दम काढ. मंग तू अन्‌ मी अन्‌ चुंबळ.”

मनकर्णा हसली. ते हसणं जुनं होतं. एकादशीला देवळात तिनं हातावर पाणी घेतलं आणि मोठ्यानं म्हटलं, “चार महिने पुडी सोडली.” बाया आश्चर्यानं बघत राहिल्या. पाणी सोडताना तिचा हात अंबूबाईनं खालून धरला.

शेषराव देवळाबाहेर उभा होता. 

तिसऱ्या दिवशी दुखणं आलं, ठरल्यासारखं. अंबूबाई तयारच होती. सकाळ, दुपार, संध्याकाळ तिनं पाला भाजला, शेकलं, पानं बांधली, मनकर्णाच्या शिव्या खाल्ल्या. चौथाही दिवस गेला. दोघी जिंकत होत्या, असं अंबूबाईला वाटलं.

पाचव्या दिवशी मनकर्णानं ताट सरकवलं. अन्नाचा वास नको झाला. सहाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, आणि उठून उभं राहिली की डोळ्यांपुढं अंधारी. बाया म्हणाल्या, देवशयनीचे उपास बाधले. अंबूबाईनं लिंबू-मीठ घालून पाणी पाजलं. तेही टिकलं नाही. दुखण्याबद्दल मनकर्णा आता बोलतच नव्हती. बाजेवर पडून छताकडं बघायची. हाक मारली तर ओ यायला वेळ लागायचा. अंग गार लागत होतं. अंबूबाईच्या हातांनी आजवर हजार अंगं पाहिली होती, पण असं हळूहळू मालकी सोडून देणारं अंग पाहिलं नव्हतं.

सातव्या दिवशी दुपारी शेषराव पुडी घेऊन आला. एका हातात पुडी, एका हातात पाण्याचा तांब्या. त्या शांत माणसाचा आवाज प्रथमच चढला.

“घे म्हनतो न! मले काय व्हायचं थे होऊ दे. घे.”

मनकर्णानं ओठ घट्ट मिटले. मान हलवली. मग तिनं अंबूबाईकडं पाहिलं. त्या नजरेत हट्ट नव्हता. अंबूबाई सांगेल ते ती करणार होती. अंबूबाईनं ‘मोड’ म्हटलं असतं तर तिनं तोंड उघडलं असतं. नेम दोघींचा होता, आणि कुलपाची किल्ली अंबूबाईजवळ होती.

अंबूबाई घाबरली होती. अगदी मनापासून घाबरली होती. पण तिला वाटलं, हे पुडीचं विष निघतंय. जाताना जीव मेटाकुटीला आणणारच. आज दिली तर सगळं पहिल्यापासून, आणि मनकर्णा पुन्हा कधी सोडणार नाही. आणि आत कुठंतरी, निंबाखालचं ते गोड हसणंही होतं. त्याच्यापुढं तिला हरायचं नव्हतं.

“अजून दोन दिवस,” ती म्हणाली. “दोनच दिवस काढ, मनकर्णे.”

शेषरावानं तांब्या खाली ठेवला.

आठव्या दिवशी सकाळी मनकर्णाला हाक ऐकू आली नाही. बैलगाडीनं सडक, सडकेवरून एस.टी., आणि एस.टी. बुलढाण्याला पोचेपर्यंत दुपार झाली. अंबूबाईच्या मांडीवर तिचं डोकं होतं. तो गोल, लाल चेहरा आता पांढरा पडला होता. दवाखान्यात सलाईन लावली, सुया दिल्या, धावपळ केली. दिवस मावळायच्या आत मनकर्णाबाई गेली.

डॉक्टर तरुण होता, दमलेला. त्यानं शेषरावाला बाकावर बसवलं आणि अंबूबाईला विचारलं, “या काही औषध घेत होत्या का?”

शेषरावानं आणलेली पुडी अंबूबाईनं कनवटीला खोचून ठेवली होती, ती काढून दिली. त्यानं बोटावर घेऊन पाहिली. “हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण चेहरा पाहूनच मला शंका आली होती. एक विलायती औषध असतं, दुखणं झटक्यात थांबवतं. त्यासारखाच एक रस आपलं शरीर रोज स्वतः तयार करतं. बाहेरून महिनोन्‌महिने तो आयता मिळाला की शरीर ते काम सोडून देतं. मग एकदम बंद केलं, तर ना बाहेरचं ना आतलं. माणूस कोसळतो.” त्यानं तिच्याकडं पाहिलं. “हे हळूहळू उतरवत आणायचं असतं. एकदम कुणी सोडायला लावलं यांना?”

“म्या,” अंबूबाई म्हणाली.

 डॉक्टर पलीकडच्या खाटेपाशी जाऊन आला आणि मग तिच्यासमोर उभा राहून म्हणाला, “गावात आणखी कोण घेतं ही पुडी?”

तिनं बोटं मोजली. 

“त्यांना सांगा, एकदम सोडू नका. पुडी घेऊन इथं या. आम्ही थोडी थोडी करून सोडवू. आणि गुडघ्याला जे शेकणं, व्यायाम तुम्ही देता, तेच चालू ठेवा. ते चांगलंच आहे.”

तेच चांगलं आहे. हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. तिला ओरडावंसं वाटलं.

गावी शेषराव तिच्याशी एकदाच बोलला, माती देऊन आल्यावर. “म्या पुडी घेऊन उभा होतो, वयनी,” एवढंच. 

पण रडायलाही तिला उसंत मिळाली नाही. कारण मनकर्णा पुडीनं मेली अशी बोंब एका दिवसात सगळीकडं झाली होती, आणि बाया घाबरून पुड्या फेकत होत्या. अंबूबाई धावत रुख्मिणीकडं गेली. रुख्मिणी बाजेवर बसली होती, तोंड कडू झालंय म्हणत होती.

“पुडी कुठं हाये?”

“दोन दिवस झाले, उकिरड्यावर फेकली वं माय. मले नाई मराचं.”

अंबूबाई उकिरड्यावर गेली. ज्या गुडघ्यांचं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, त्या गुडघ्यांवर बसून तिनं शेण-कचरा दोन्ही हातांनी उपसला आणि ओल्या कागदातली पुडी शोधून काढली. ती पुडी तिनं आपल्या हातानं रुख्मिणीला पाजली. रुख्मिणीची जाऊ तोंडात पदर कोंबून बघत होती. पहिल्या एस.टी.नं तिनं दोघींना बुलढाण्याला नेलं. दोघीही वाचल्या. डॉक्टरनं आधी चौथाई कमी, मग अर्धी, असं करत पुडी सोडवायला सुरुवात केली.

पण ही ओळखीची घरं होती. बाकीची किती होती? वाड्यावस्त्यांवर, घाटाखाली, पलीकडच्या जिल्ह्यात, कुठल्या कुठल्या ओसरीवर त्या बाया आज पुडी फेकून बसल्या असतील, आणि त्यांचं पाणी पोटात टिकत नसेल. त्या कुठं भेटतील? एकाच जागी.

बाजाराच्या दिवशी अंबूबाई निंबाखाली गेली. पुडीवाला आज अस्वस्थ होता. सतरंजीभोवती गर्दी होती पण घ्यायला कुणी हात पुढं करत नव्हतं. बाया लांबूनच बघत होत्या. त्यात ते गोल चेहरे तिनं ओळखले. सात, आठ, नऊ.

“बायांनो!” तिनं आवाज चढवला. तिचा फटकळ आवाज अख्ख्या बाजारानं ऐकला. “ज्या पुडी घेऊन राह्यल्या, त्याइनं एकदम सोडू नोका! मनकर्णानं एकदम सोडली म्हून ते गेली. म्या सोडाले लावली. सोडू नोका! पुडी घेऊन बुलढान्याच्या डाक्तरकडं जा, थो हळूहळू…”

पुढचं कुणी ऐकलं नाही. पुडीवाला उठून उभाच राहिला. “ऐकलं?” तो ओरडला. “मालीशवाली बाई सोता सांगून राह्यली! पुडीनं नाई मेली, पुडी सोडली म्हून मेली! ज्याइनं सोडली त्याइनं आत्ताच घ्या!”

गर्दी सतरंजीवर कोसळली. अंबूबाई ओरडत राहिली, बुलढाणा, डाक्तर, हळूहळू. तिचा आवाज बायांच्या कालव्यात बुडाला. तिनं एकीचा दंड धरला, दुसरीचा पदर ओढला. गोल चेहरे तर पुढं होतेच. पण त्यांच्यामागं जे हात पुढं येत होते, ते दुसऱ्यांचे होते. हडकुळ्या, लांब, निरोगी चेहऱ्यांचे. ज्यांनी पुडी आजवर चाखलीही नव्हती.

त्यात सुभद्राबाई होती. चार महिने अंबूबाईच्या ओट्यावर येणारी, रोज न चुकता चुंबळ दाबणारी, आता काठीशिवाय विहिरीवर जाणारी सुभद्राबाई. अंबूबाईनं तिचं मनगट पकडलं.

“तू काऊन वं? तुले काय झालं? तुहा गुडघा त सुधरून राह्यला!”

“सुधरते, पन दुखते न बाई.” सुभद्राबाईनं मनगट सोडवून घेतलं, रागानं नाही, समजुतीनं. “अन्‌ तूच त सांगतलं आता. मनकर्णाबाईले पुडी भेटली असती त ते वाचली असती. खरं हाये का नाई, सांग?”

अंबूबाईनं तोंड उघडलं. आयुष्यात तिला खोटं बोलता आलं नव्हतं.

“खरं हाये,” ती म्हणाली.

सुभद्राबाईनं हात पुढं केला आणि पुडीवाल्यानं तिच्या तळहातावर पुडी ठेवली.